ब्रेक तापले की पेडल खाली जातं: पॅड-डिस्कवर खर्च करण्याआधी काय तपासायचं

गाडी थंड असते तोवर ब्रेक चोख. घाट उतरायला लागलं किंवा ट्रॅकवर तीन-चार लॅप झाले, की पेडल नेहमीच्या जागेपेक्षा खाली जाऊ लागतं. कधी उलट होतं: पेडल घट्टच राहतं, पण कितीही जोर लावला तरी गाडी पूर्वीसारखी धरत नाही. थांबून अर्धा तास गेला की सगळं पुन्हा ठीक. सोमवारी गॅरेजला नेली तर मेकॅनिक एलबीएस रोडवर एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "ब्रेक एकदम ओके आहेत साहेब." तो खोटं बोलत नसतो. भांडुप-मुलुंडच्या ट्रॅफिकमध्ये चाळीसच्या वेगाने ही तक्रार कधी दिसणारच नाही. मग मनाच्या समाधानासाठी पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे घर्षणाचे तुकडे) बदलले जातात. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी भोकांच्या डिस्क सुचवतं, त्याही बसतात, आणि लोणावळ्याहून परतताना पेडल पुन्हा खाली.

मुंबईतल्या टर्बो हॅचबॅक आणि सेडानवाल्यांकडून हीच तक्रार मी सतत ऐकतो, आणि बहुतेक वेळा खर्च भलत्याच भागावर झालेला असतो. ब्रेक फेड (ब्रेकची पकड ढिली पडणं) या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळे दोष येतात, आणि त्यातला नेमका कुठला आहे ते पेडलवरून कळतं. मुंबईच्या हवेत पहिला संशय ब्रेक ऑइलवर घ्यावा. ते बदलायला सगळ्यात कमी पैसे लागतात आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी बदललं जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो. जोरात चालवणं म्हणजे इथे ट्रॅक किंवा रीतसर परवानगी घेऊन बंद केलेली धावपट्टी. कोस्टल रोड, अटल सेतू किंवा एक्स्प्रेसवे ही ब्रेकची परीक्षा घ्यायची जागा नव्हे, तिथे तुमच्या पुढे-मागे दुसऱ्यांची कुटुंबं असतात. घाटात फेड येतो तो मुख्यतः उतारामुळे. त्यासाठी वेगात चालवण्याची गरजही नसते.

उष्णतेचा हिशोब

ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतात. चालक धरून १३०० किलोची गाडी ताशी १२० वरून ६० वर आणली की साधारण ५.४ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी १६० वरून ६० वर आणली तर ११ लाख. वेग चाळीसने वाढला आणि उष्णता दुप्पट झाली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन्ही डिस्क मिळून १४ किलोच्या धरल्या आणि बिडाचं एक किलो एक अंशाने तापवायला साधारण ४६० ज्यूल लागतात हे लक्षात घेतलं, तर १६० वरून मारलेला एकच ब्रेक डिस्कचं तापमान सुमारे १२० अंशांनी चढवतो. पुढच्या वळणापर्यंत हवा त्यातली काही उष्णता काढून नेते, सगळी नाही. अशी चार-पाच वळणं लागोपाठ आली की कंपनीचे साधे पॅड आपल्या मर्यादेला टेकतात.

रीमॅप करणाऱ्यांनी, म्हणजे इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणाऱ्यांनी, हा हिशोब जरूर करावा. ताकद वाढली म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग वाढला, आणि ब्रेक मात्र आधीचेच राहिले. इंजिनवर पैसे घालण्याआधी ब्रेकवर घालावेत असं माझं ठाम मत आहे, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या गाडीचे आकडे वरच्या हिशोबात टाकून बघावेत.

घाटाचं गणित वेगळं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, तर पायथ्याचं खोपोली शंभर मीटरच्याही खाली. चार माणसं आणि सामान धरून १५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली की ७३ लाख ज्यूल कुठेतरी जायलाच हवेत, मग वेग साठच्या आत का असेना. त्यातला बराच भाग हवेचा आणि टायरचा रोध खातो, उरलेला इंजिन आणि ब्रेक वाटून घेतात. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनचा वाटा शून्य होतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना तर उतार १२०० मीटरहून जास्त आहे, आणि वळणं इतकी की ब्रेकला थंड व्हायला मोकळा पट्टा मिळतच नाही.

पेडल कसं वागतंय?

गाडीला फेड आला की घाबरून लगेच विसरू नका. पायाला नेमकं काय जाणवलं ते आठवून लिहून ठेवा, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुरावा थंड झालेला असतो.

पेडल मऊ झालं, दाबलं की खाली खाली जात राहिलं, दोन-तीनदा पटापट दाबल्यावर थोडं वर आलं: ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये (ऑइलच्या दाबाने पिस्टन ढकलून पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वाफेचे बुडबुडे झाले की तुमच्या पायाचा जोर ते बुडबुडे आवळण्यात खर्च होतो, पॅडपर्यंत पोहोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल बऱ्यापैकी जागेवर येतं. मेकॅनिकला दोष सापडत नाही तो यामुळे.

पेडल घट्ट, उंचीही नेहमीची, पण गाडी धरत नाही, आणि जळका उग्र वास येतो: पॅडचा फेड. पॅडमधला राळेसारखा बंधक पदार्थ ठरावीक तापमानापलीकडे विघटित होऊन वायू सोडतो, पॅड आणि डिस्क यांमधलं घर्षण उतरतं. नव्या पॅडला हे पहिल्यांदा तापवताना हमखास होतं. जुन्या पॅडला वारंवार होत असेल तर त्यांची मर्यादा ओलांडली जातेय.

पेडल लांब गेलं पण मऊ वाटत नाही, खाली जाऊन नीट धरतं: गाडीला मागे ड्रम ब्रेक (फिरत्या ड्रमला आतून लायनर दाबणारे) असतील तर तिकडे बघा. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, तेवढी फट भरायला पेडल जास्त खाली जावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच टर्बो गाड्यांना आजही मागे ड्रमच असतात. लायनरचं अॅडजस्टमेंट आधीच ढिलं असेल तर हे लवकर जाणवतं.

आता मुंबईकरांसाठी खास. पेडल पहिल्यांदा लांब जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की एकदम जागेवर, आणि हे खड्ड्यांच्या पट्ट्यानंतर किंवा जोराच्या वळणानंतर होतं, ब्रेक तापलेले नसतानाही. याचा उष्णतेशी संबंध नाही. चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असला किंवा डिस्क सरळ फिरत नसली की ती पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी पिस्टनला जास्त अंतर कापावं लागतं. आपल्या रस्त्यांवर दोन पावसाळे काढलेल्या गाडीत हे सहज सापडतं. गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. खटखट जाणवली तर आधी बेअरिंग बदला, नवे पॅड नंतर.

आणि पेडल सकाळी थंड असतानाही घट्ट, जोर लावावा लागतो: बूस्टर (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप. इंजिन बंद करून पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाचदा दाबा, मग पाय दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर फेडचा विषयच नाही.

ब्रेक ऑइल, आणि मुंबईची हवा

ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या त्याच्या नेहमीच्या प्रतींत खनिज तेल नसतं. ते ग्लायकॉल जातीचं द्रव्य आहे आणि हवेतली आर्द्रता शोषून घेणं हा त्याचा स्वभाव. टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून, रबरी पाइपांमधून ओल हळूहळू आत जातेच. म्हणून मानकात प्रत्येक प्रतीला दोन उत्कलनबिंदू दिलेले असतात, कोरड्या ऑइलचा आणि ३.७ टक्के पाणी मुरलेल्या ऑइलचा. डॉट ३ साठी किमान २०५ आणि १४० अंश. डॉट ४ साठी २३० आणि १५५. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. चांगल्या रेसिंग ऑइलचा कोरडा आकडा ३०० च्या वर जातो.

दुसरा आकडा नीट बघा. डॉट ४ ने ७५ अंश गमावले, आणि ते गमवायला गाडीने काहीही केलेलं नाही, ती नुसती उभी होती. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कशी असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको, कपाटातल्या कपड्यांना वास येतो ती ही हवा. बहुतेक कंपन्या ऑइल दोन वर्षांनी बदलायला सांगतात. नेहमीच्या वापराला ते ठीक. पण जी गाडी घाटात भरलेली उतरते किंवा ट्रॅकवर जाते तिचं ऑइल इथे दरवर्षी बदलावं, आणि ते पावसाळा संपल्यावर. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच आपण, त्याच आठवड्यात हे काम उरकलं की वर्षभर तारीख लक्षात राहते.

बदलून घेताना समोर उभं राहा. ऑइल बदललं असं बिलावर लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात पिचकारीने टाकीतलं काळं ऑइल ओढून वर नवं ओतलेलं असतं. टाकी स्वच्छ दिसते. उकळणारं ऑइल मात्र कॅलिपरमध्ये, पिस्टनच्या मागे असतं, आणि ते जागचं हललेलं नसतं. एका मित्राच्या गाडीचं काम करताना आम्ही हे समोरच पाहिलं. टाकीत फिकट पिवळं, नवंकोरं ऑइल. पुढच्या उजव्या कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायची तोटी) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं, रिंग पान्याने निपल पाव फेरा सैल केलं, आत बसलेल्याने पेडल दाबलं, आणि नळीतून कोऱ्या चहासारखं तांबूस-काळं ऑइल आलं. पाठोपाठ बारीक बुडबुड्यांची माळ. मागच्या चाकांतून आलेलं ऑइल त्यामानाने बरं होतं, कारण मागचे ब्रेक एवढे तापत नाहीत. सगळा रंग जाऊन नळीत नवं ऑइल दिसेपर्यंत ते चालू ठेवलं. पॅड, डिस्क, काहीही बदललं नाही. त्या गाडीची घाटातली तक्रार तिथेच संपली.

करून घेताना काही गोष्टींवर अडून बसा. बाटली सीलबंद हवी आणि तुमच्यासमोर उघडलेली हवी, कारण गेल्या महिन्यात उघडून फळीवर ठेवलेल्या अर्ध्या बाटलीने आपल्या वाट्याची ओल आधीच पिऊन घेतलेली असते. पूर्ण सिस्टिम धुवायला साधारण एक लिटर लागतं, अर्ध्या लिटरमध्ये चारही चाकं होत नाहीत. निपल बंद केल्याशिवाय आतल्या माणसाने पेडल सोडायचं नाही, नाहीतर आट्यांमधून हवा आत ओढली जाते. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. ती रिकामी होऊन एबीएसच्या (जोराच्या ब्रेकला चाकं अडकू न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. आधी कुठलं चाक घ्यायचं ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, सरसकट सगळ्यांना एकच क्रम लागू होत नाही. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाणी मारून धुवा.

डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गल्लत करू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या तिघांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीला चालत नाही. डॉट ४ च्या गाडीत चांगल्या प्रतीचं डॉट ४ किंवा ५.१ टाकावं. अगदी वरच्या प्रतीचं रेसिंग ऑइल रोजच्या गाडीत टाकायचं असेल तर ते वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा बदलायची तयारी हवी.

पेनासारख्या यंत्राने पाण्याचं प्रमाण दाखवणारी तपासणी मिळते, तिच्यावर मी फार विसंबत नाही. ती टाकीतल्या ऑइलची विद्युतवाहकता मोजते, कॅलिपरमधल्या ऑइलबद्दल काही सांगत नाही. वर्ष झालं असेल तर बदलाच.

पॅड

ऑइल नवं, पेडल घट्ट, तरी गाडी धरत नाही, तेव्हा पॅडकडे वळा. चाक काढल्यावर आधी जुन्या पॅडकडे नीट बघा. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय का, कडेचा रंग जळून राखाडी-पांढरा पडलाय का, कॅलिपरच्या पिस्टनवरचं रबरी बूट कडक होऊन चिरलंय का? डिस्कवर निळसर झाक आहे का? हे सगळं दिसलं तर पॅड खरंच त्यांच्या मर्यादेबाहेर गेलेत.

आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून जाडी ताडून बघा. आतला खूप जास्त झिजला असेल, किंवा एकच पॅड तिरपा झिजला असेल, तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत. खारी, दमट हवा आणि पाण्यातून काढलेली गाडी, यामुळे मुंबईत हे सर्रास होतं. पिन जाम असली की पॅड डिस्कला सतत घासत राहतो, एकच चाक तापतं, आणि तुम्ही ट्रॅकवर पोहोचायच्या आधीच ते दीडशे-दोनशे अंशांवर असतं. थोडं चालवून थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त धग देत असेल तर पिना काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा जास्त जाम होते.

नवे पॅड घेताना कडेला छापलेली दोन अक्षरं वाचा. पहिलं नेहमीच्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पॅड ढिला पडतो असं त्यावरच लिहिलेलं आहे. ही अक्षरं टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाहीत, पण ऑपेरा हाऊसच्या दुकानात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बिनखोक्याचा पॅड हातात आला तर निदान एवढं कळतं. माझा सल्ला: ब्रेकचा भाग खोक्याशिवाय आणि बिलाशिवाय घेऊच नका.

संपूर्ण ट्रॅकसाठी बनवलेला पॅड मुंबईत रोज वापरायला घेऊ नका. तो सहाशे अंशांना उत्तम चालतो, पण सकाळी साडेआठला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पुढचा अचानक थांबला तेव्हा थंड असलेला हाच पॅड कमी धरतो, शिवाय किंचाळतो आणि डिस्क खातो. बहुतेकांना रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींच्या मधला, वरच्या तापमानाचा रस्त्याचा पॅड पुरतो. ट्रॅकचे पॅड हवेच असतील तर तिथे जाऊन बदला आणि परतताना पुन्हा जुने लावा.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर बसवून घेणं, म्हणजे बेडिंग, हे टाळता न येणारं काम आहे. मोकळा रस्ता बघून, पहाटे, साठ-सत्तरवरून दहा-पंधरापर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग, असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता चालवून थंड होऊ द्यायचं. यात पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. हे केलं नाही तर पहिल्याच घाटात फेड येतो आणि थरही उंचसखल बसतो.

त्या उंचसखल थरामुळे स्टिअरिंग थरथरतं आणि सगळे म्हणतात डिस्क वाकली. पुष्कळदा ती वाकलेली नसते. घाट उतरून आल्यावर खालापूरच्या टोलनाक्यावर रविवारी संध्याकाळी रांग असते. डिस्क लालबुंद नसली तरी प्रचंड तापलेली आहे, आणि तुम्ही पेडल दाबून उभे आहात. पॅड जिथे टेकलाय तिथे त्याच्या द्रव्याचा ठसा उमटतो. वाशीला पोहोचेपर्यंत थरथर सुरू. अशा रांगेत गाडी शक्यतो हळू सरकत ठेवा, उभी करावीच लागली तर सपाट जागी पाय सैल सोडा. ऑटो-होल्ड (थांबल्यावर आपणहून ब्रेक धरून ठेवणारी सोय) असेल तर तेवढ्यापुरता बंद करा.

डिस्क आणि हवा

यावर फार लिहीत नाही, कारण इथपर्यंतचं नीट केलं तर बहुतेकांना पुढे यावं लागत नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती गाठली असेल तर डिस्क बदला, लेथवर मारून आणखी पातळ करू नका, कारण वजन कमी झालं म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी झाली. भोकांच्या स्वस्त डिस्क घेऊ नका. भोकांमुळे धातू कमी होतो आणि जोराच्या वापरात तडे तिथूनच सुरू होतात. चरे पाडलेली किंवा साधी जाड व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणारी) डिस्क बरी. काही डिस्कच्या आतल्या पंख्या तिरक्या असतात, त्या डाव्या-उजव्या वेगळ्या येतात, उलट बसवल्या तर हवा नीट वाहत नाही.

चाकाच्या मागची धुळीची पत्र्याची ढाल काढून टाका म्हणून सांगणारे भेटतील. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला ठीक. मुंबईच्या पावसात खडी आणि चिखल थेट तापलेल्या डिस्कवर यायला नको. ट्रॅकसाठी पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यभागी हवा नेणारा पाइप जास्त उपयोगी. रुंद मोकळ्या आऱ्यांच्या अलॉयनेही फरक पडतो.

पेडल मऊ वाटतं म्हणून स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप घालतात. त्याने पेडल घट्ट लागतं, ऑइलचा उत्कलनबिंदू एका अंशानेही वाढत नाही.

चालवताना

घाटात उतरण्याचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घेऊन खालचा गिअर धरा. डी वर सोडली तर काही गिअरबॉक्स उतारावर वरचा गिअर पकडतात आणि इंजिनचा रोध हरवतो. ब्रेक सतत हलका टेकवून ठेवू नका. थोडा जोराने मारून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात हवा काम करते. पण खरी बचत इंजिनच्या रोधानेच होते.

ट्रॅकवर एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. वळणात आतलं चाक घसरू नये म्हणून आजच्या बऱ्याच गाड्या आपणहून त्या चाकाचा ब्रेक लावतात. तुम्ही पेडलला हातही लावला नाही तरी पुढचा आतला ब्रेक तापत असतो. एकाच बाजूचा पॅड लवकर संपत असेल आणि पिना मोकळ्या असतील, तर कारण हे असू शकतं. उपाय चालवण्यातच आहे: वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर घाईने दाबू नका.

जोराचं चालवून झालं की शेवटचा लॅप ब्रेक न वापरता. नंतर उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. गाडी थांबली की हवा थांबते, आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये आणि ऑइलमध्ये शिरते. धावताना न उकळलेलं ऑइल उभ्या गाडीत दहा मिनिटांनी उकळतं ते यामुळे. आणि ताज्या तापलेल्या चाकांवर प्रेशरने थंड पाणी मारू देऊ नका.

घाटात पेडल खाली गेलंच तर

इंजिन बंद करायचं नाही. बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही जातील. पेडल पटापट दाबत राहा, वाफ असली तरी थोडा दाब तयार होतो. गिअर एकेक करून खाली आणा. हँडब्रेकचा लिव्हर असेल तर बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा म्हणजे मागची चाकं एकदम अडकणार नाहीत. इलेक्ट्रिक असेल तर स्विच ओढून धरून ठेवायचा. तुमच्या गाडीत तो चालत्या गाडीत कसा वागतो ते मॅन्युअलमध्ये आजच वाचा. हॅझर्ड लाइट, हॉर्न, आणि डोंगराच्या बाजूला. थांबल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा, आणि पेडल जागेवर आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. एकदा उकळलेलं ऑइल पुढच्या उतारावर पुन्हा उकळणार. तिथून पुढे अगदी हळू, खालच्या गिअरमध्ये, आणि घरी पोहोचल्यावर ऑइल बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

ट्रॅकला जाण्याआधी

मुंबईत सर्किट नाही. इथले लोक मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स या चाचणी ट्रॅकवर, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला किंवा ग्रेटर नोएडाला जातात. जागेप्रमाणे ब्रेकवरचा भार बदलतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी कडक वळण, तिथे रस्त्याचे पॅड घेऊन जाणं मला पटत नाही. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक त्यामानाने मध्यम ताकदीच्या गाडीला झेपतो. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगसाठी जाणाऱ्यांना वळणं नसतात, पण प्रत्येक धावेच्या शेवटी मोठ्या वेगावरून एक ब्रेक असतो आणि मग परतीच्या रांगेत उभं राहावं लागतं. तिथे थांबताना टोलनाक्याचाच नियम लावा.

जाण्याच्या आठवड्यात ऑइल बदला. पॅड निम्म्यापेक्षा कमी उरले असतील तर नवे लावून, बेडिंग करूनच निघा, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोहोचते. सोबत अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली, निपलचा पाना आणि पारदर्शक नळी ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर न्या, पण चकचकीत डिस्कवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून एकाच जागी मोजून डावं-उजवं ताडण्यापुरताच त्याचा उपयोग करा. डिस्कच्या कडेला लावायचा तापमानदर्शक रंग जास्त भरवशाचा.

आणि दिवस संपल्यावर, पिथमपूरहून मुंबईचा रस्ता धरायच्या आधी, चारही चाकांचे पॅड बघा. आतल्या बाजूचा पॅड बाहेरून दिसत नाही, त्यासाठी चाक काढा. तीन मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर डिकीत ठेवलेला पॅडचा दुसरा जोड तिथेच बसवा. परतीच्या रस्त्यावर कसारा घाट उतरायचाय.